रेंज पूर्ण, व्हॉट्सॲप गायब

सोमवार, ४ ऑक्टोबर २०२१. सगळ्या वेळा भारतीय.

संध्याकाळी ७. शनिवार-रविवारची गर्दी मुंबई-पुण्याला परतली आहे. नागावात, अलिबाग-रेवदंडा रस्त्यालगतच्या वाड्यांत, 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' या पाट्यांमागे आता पुढच्या बुकिंगची बोलणी. गुरुवारी घटस्थापना, आणि त्याच दिवशी कोरोनामुळे बंद असलेली राज्यातली मंदिरं उघडणार. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग आजच सुरू झालेत, त्यामुळे शाळांचे ग्रुपही जागे. खोल्यांचे फोटो, ॲडव्हान्सचा स्क्रीनशॉट, जेवणात मासे की चिकन, सगळं व्हॉट्सॲपवर. देशात त्याचे ५३ कोटी वापरकर्ते आहेत, असं केंद्र सरकारने याच फेब्रुवारीत सांगितलं होतं.

रात्री ८. लॉकडाऊनपासून लॅपटॉप घेऊन समुद्राकाठी राहायला येणारे पाहुणे वाढले, तसे वाय-फायचे राउटरही आले. साध्या राउटरला कुणी हात लावत नाही; त्याची फायरवॉल बाहेरून आगंतुक येणाऱ्याला अडवते, आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा सोडते. जिथे कुणा हौशी भाच्याने 'सेक्युरिटी' कडक केलेली असते तिथे मात्र पोर्ट, म्हणजे ती क्रमांकांची दारं, मोजून उघडावी लागतात. व्हॉट्सॲपच्या निरोपांना टीसीपी ४४३ आणि ५२२२. कॉलला यूडीपी ३४७८. टीम्सला यूडीपी ३४७८ ते ३४८१, मीटला ३४७८ आणि १९३०२ ते १९३०९, झूमला ८८०१ ते ८८१०. यूडीपी बंद ठेवलं तर निरोप सुरळीत जातात आणि कॉल तेवढा रखडतो, कारण आवाज मग टीसीपीच्या आडवाटेने जायला बघतो. टीसीपी हरवलेला प्रत्येक तुकडा परत मागवत बसतं; बोलणाऱ्याला तेवढा धीर नसतो. 'निरोप जातो, कॉल तुटतो' अशी तक्रार आली की आधी यूडीपी तपासावं.

आज रात्री त्याचा काही उपयोग होणार नाही.

९ वाजून गेल्यावर. व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीत, फेसबुकमध्ये, नेहमीचं देखभालीचं काम चालू आहे. जगभरची डेटा सेंटर जोडणाऱ्या कंपनीच्या खासगी जाळ्यात किती क्षमता शिल्लक आहे हे पाहण्यासाठी एक आज्ञा दिली जाते. ती ते अख्खं जाळंच तोडते. अशा आज्ञा अडवायला तपासणीचं साधन होतं. त्यातच दोष निघाला.

९.१०. पुढचं सगळं माणसाविना घडतं. नावावरून पत्ता सांगणारे फेसबुकचे डीएनएस सर्व्हर पाहतात, की आपल्याला डेटा सेंटर दिसत नाही. म्हणजे आपल्यातच बिघाड, असं समजून ते नियमाप्रमाणे बाजूला होतात. 'आमच्याकडे यायचं तर या वाटेने' अशी जी हाळी मोठी जाळी एकमेकांना बीजीपीतून देत असतात, ती मागे घेतली जाते. सर्व्हर धडधाकट चालू आहेत, पण त्यांच्याकडे जाणारी वाट नकाशातून पुसली गेली आहे.

९.२१. नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा चालवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीत फेसबुकचा पत्ता मिळत नसल्याची नोंद उघडली जाते. पहिला संशय आपल्याच यंत्रणेवर. ९.२८ ला कळतं, फेसबुकने वाटाच काढून घेतल्यात.

९.३० ते १०.३०. क्लाउडफ्लेअरला स्वतःचाच संशय आला, मग गावात काय होणार? विमान मोड चालू-बंद. राउटर बंद करून दहा आकडे मोजून परत चालू. रिचार्ज संपला का ते बघणं. मग शेजारी साधा फोन: "अहो काकू, तुमचं व्हॉट्सॲप चालतंय का?" या किनाऱ्याला संपर्क तुटणं नवं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, सुपारी-नारळाच्या बागा झोपल्या, वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. पण तेव्हा रेंजच नव्हती, फोनच तसं सांगत होता. आज रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या, यूट्यूब चालू, आणि निरोपापुढे घड्याळाचं चिन्ह अडकलेलं.

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची हीच वेळ. ५२२२ उघडा, ३४७८ उघडा, नाहीच जमलं तर फायरवॉल सरळ बंद करा. खरं तर एका मिनिटाची परीक्षा पुरली असती: वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर बघा. दोन्हीकडे तेच होत असेल तर घरच्या फायरवॉलचा काही संबंध नाही.

इतर साइटही अधूनमधून मंद वाटतात. जगभरची ॲप उत्तर न मिळाल्याने तोच पत्ता पुन्हा पुन्हा विचारत सुटली आहेत, क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ या सेवेवर त्यासाठी नेहमीच्या तीसपट प्रश्न आदळले.

११ ते २. फेसबुकच्या अभियंत्यांचीही तीच गत. दुरून दुरुस्ती करण्याची साधनं त्याच जाळ्यावर, पर्यायी वाटही बंद. माणसं डेटा सेंटरला पाठवावी लागतात, आणि ती जागा तर कुणाला सहज आत शिरता येऊ नये अशीच बांधलेली. आत गेल्यावरही यंत्रांना हात लावण्याआधी सुरक्षेचे सोपस्कार. कंपनीच्या पायाभूत यंत्रणेचे प्रमुख संतोष जनार्दन यांनी दुसऱ्या दिवशी हे सारं लिहून कबूल केलं, आणि रोजच्या सुरक्षेसाठी क्वचित होणारा असा उशीर परवडतो, असंही म्हटलं. मला ते पटतं, पण ते म्हणायला आपलं बुकिंग त्या रात्री अडकलेलं नसावं लागतं.

२.३०. वाटा पुन्हा जाहीर होऊ लागतात, २.४७ ला जोर सर्वाधिक. सगळं एकदम चालू करता येत नाही. डेटा सेंटरांचा वीजवापर दहा-दहा मेगावॉटच्या पटीत घसरला आहे, तो झटक्यात वर नेला तर वीजयंत्रणाच धोक्यात. तीनच्या सुमाराला फेसबुक जगाला पुन्हा जोडलेलं दिसतं, सेवा मात्र टप्प्याटप्प्याने परततात. दरम्यान टेलिग्रामला त्या दिवसात सात कोटी नवे लोक मिळाले, असं त्याचे संस्थापक पावेल दुरोव सांगणार आहेत.

मंगळवार, सकाळी ६. रात्रीचे निरोप एकदम कोसळतात. ज्याने रात्री दहाला फायरवॉल बंद केली होती, त्याचंही व्हॉट्सॲप सुरू झालेलं असतं. आपल्याच उपायाने ते आलं अशी त्याची खात्री, तेव्हा फायरवॉल पुन्हा चालू करायचं त्याला काही कारणच उरत नाही.