धूर, धुकं आणि थेंबभर रक्त

मंडळी, आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. त्यात डोंगरावरच्या धुराचा दाखला ठरलेला: धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे. रक्तात कर्करोगाची खूण शोधणं हेही तसंच अनुमान. फक्त दिसतंय ते धुकं तर नव्हे, हे पाहावं लागतं.

१९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांना आतड्याच्या कर्करोगात ‘सीईए’ हे प्रथिन सापडलं. मोठी आशा वाटली. पुढे कळलं, विडी-सिगारेट ओढणाऱ्या निरोगी माणसातही ते वाढतं. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील. रोग नाही तिथेही भेटणारी खूण.

मोजण्याचं साधन मात्र सुधारत गेलं. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी इलेक्ट्रोडवर एन्झाइम बसवून ग्लुकोज मोजण्याची कल्पना मांडली. घरोघरचं साखर मोजायचं यंत्र त्याच वंशातलं. कर्करोगाच्या बायोसेन्सरमध्ये बहुधा एन्झाइमच्या जागी अँटिबॉडी बसवतात. खुणेचं प्रथिन तिला चिकटलं की विद्युत संकेत बदलतो. थेंबभर रक्तावर काम व्हावं, ही त्यामागची आस.

पण खूण लवकर सापडली म्हणजे माणूस वाचला का? याचं उत्तर आपल्याच मराठवाड्यात शोधलं गेलं. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय यांनी १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. रोग गर्भाशयमुखाचा. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. दोष आढळला तर पुढचे उपचारही. चौथ्या गटाला फक्त माहिती. २००९ मध्ये आकडे आले: एचपीव्ही गटात या रोगाचे मृत्यू ३४, चौथ्या गटात ६४. बाकी दोन गटांत फारसा फरक पडला नाही. चाचणी एकदाच केलेली, बरं का!

त्या ६४ जणींवरून पुढे वाद झाला. बचाव असा, की त्या गावांत एरवीही तपासणी नव्हतीच. आम्हाला तो पुरेसा वाटत नाही. नव्हतं ते घेऊन जाणारे हेच तर होते! आणि तरीही, एचपीव्ही चाचणीनं जीव वाचतात हे आपल्याला कळलं ते त्या ६४ जणींशी तुलना केल्यामुळेच.

उद्या असं यंत्र इथे राजगुरुनगरात किंवा चाकणच्या कामगार वस्तीत आलं, तर विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. निरोगी माणसांपैकी किती जणांत ही खूण चढलेली सापडली? आणि यंत्रानं ‘आहे’ म्हटलं, तर पुढची तपासणी कुठे, कोणाच्या खर्चानं?

आता तुमचे प्रश्न घेऊ.