एकाच नांवाचे दोन कागद



हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथाच्या तालुक्यांत, जवळा बाजार नांवाचें एक गांव आहे. नांवाप्रमाणेंच तें बाजाराचें गांव. अशा गांवीं धान्याचें पोतें विकावयाचें तर आधीं त्याचें तोंड सोडावें लागतें. घेणारा मूठभर माल तळहातावर घेऊन पाहतो, दाणा दाताखालीं धरून ओल जोखतो, आणि मगच भाव बोलतो. गेल्या वर्षीं तेथील एका फोटोच्या दुकानांत बसलों असतां, तोंड न सोडतां विकल्या जाणाऱ्या एका मालाविषयींची तक्रार माझ्या कानीं पडली. आजचें भाषण त्या तक्रारीवरून सुचलें.

दोन सख्खे भाऊ दुकानांत आले होते. त्यांची आई वारली, तेव्हां लग्नांतील एका जुन्या चित्रांतून तिचा चेहरा मोठा करवून थोरल्यानें तो आपल्या घरीं भिंतीवर लावला होता. चार महिन्यांनीं धाकट्यानें तशीच प्रत आपल्या बिऱ्हाडासाठीं मागितली. यंत्र तेंच, शाई तीच, संगणकांत जपून ठेवलेलें चित्र तेंच, आणि कागदाच्या पुड्यावरील नांवहि तेंच. असें असून पहिल्या प्रतींतील माउली गव्हाळ वर्णाची, तर दुसऱ्या प्रतींत तिच्या गालांवर हिरवट झांक आणि लुगड्याच्या काळ्या काठांवर तांबूस छटा आलेली. धाकटा फार बोलला नाहीं. "दादाच्या घरीं माझी आई आहे," तो म्हणाला, "माझ्या घरीं कोणी आजारी बाई आहे." दुकानदाराचें तोंड उतरलें. त्यानें शाईंत पाणी घातलें, असा आळ यावयाला आतां फारसें कांहीं शिल्लक राहिलें नव्हतें.

ते दोघे गेल्यावर त्यानें दोन पुडे माझ्यापुढें ठेवले. कागद कोणा नामांकित कारखानदाराचा नव्हता. एका मोठ्या विक्रेत्यानें दुसऱ्याकडून माल करवून घेऊन त्यावर स्वतःचा मार्का घातला होता, आणि म्हणूनच तो स्वस्त पडत होता. मीं दोन्ही पुड्यांतील कोरे कागद खिडकीशीं धरून पाहिले. एक निळसर पांढरा होता, दुसरा दुधी. एकाची पाठ कोरी, तर दुसऱ्याच्या पाठीवर बारीक छाप. नांव मात्र दोहोंचें एकच.

हा प्रश्न आजकालचा आहे असें आपणांस वाटेल. तसें नाहीं. जवळा बाजार हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, आणि त्याच राज्याच्या मराठी मुलुखांत, दौलताबाद आणि खुलदाबाद यांच्या दरम्यान, कागजीपुरा म्हणून एक गांव आहे. महंमद तुघलकानें १३२७ सालीं राजधानी देवगिरीस हलविली, तेव्हां उत्तरेकडून आलेले कागदी लोक येथें वसले असें परंपरा सांगते. चिंध्या, जुनीं दोरखंडें, तागाचे तुकडे चुन्याच्या पाण्यांत भिजवावयाचे, कुटून कुटून त्यांचा लगदा करावयाचा, तो हौदाच्या पाण्यांत ढवळून काड्यांच्या चाळणीवर एकेक ताव उचलावयाचा आणि भिंतीवर वाळवावयाचा. इतकें झालें तरी तो ताव लिहिण्याच्या कामाचा होत नसे. त्यावर पिठाची खळ चढवावी लागे, आणि खळ वाळली म्हणजे गुळगुळीत दगडानें तो घोटावा लागे. न घोटलेल्या कागदावर बोरू टेकला कीं शाई फुटे. शाई कोठें थांबावी हें कागद ठरवीत नाहीं, त्याच्या अंगावरची खळ ठरविते. ही गोष्ट कृपा करून ध्यानांत ठेवावी. आपल्याला पुढें तिचा उपयोग आहे.

अशा उद्योगांत घाण्याघाण्यांत फरक पडावयाचाच. एक घाणा मऊ चिंध्यांचा, दुसरा राठ दोरखंडांचा. एका वेळीं ऊन कडक, दुसऱ्या वेळीं भिंतच ओली. परंतु कागदाला दौलताबादी म्हणत, जुन्नरी म्हणत, अहमदाबादी म्हणत. तें नांव गांवाचें असे. ताव वाईट निघाला तर दोष कोठें द्यावयाचा, हें घेणाऱ्या कारकुनाला माहीत असे. माझ्या मतें जुन्या कागदाची खरी हमी त्याच्या एकसारखेपणांत नव्हती, त्याच्या पत्त्यांत होती.

पुढें कागदावर शाईच्या जागीं प्रकाश लिहूं लागला. ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच गृहस्थानें १८५० सालीं अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद पुढें आणला, आणि पुढचीं चाळीस-एक वर्षें जगांतील बहुतेक छायाचित्रें त्याच कागदावर निघालीं. येथेंहि पुन्हां खळच, फक्त पिठाच्या ऐवजीं अंड्याची. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं होत. निजामाच्या राज्यांत सिकंदराबादेस लाला दीनदयाळ यांनीं चित्रशाळा थाटली आणि सहाव्या निजामानें त्यांना राजा मुसव्विर जंग ही पदवी दिली. या मंडळींना रुप्याच्या क्षाराचें स्नान कागदास स्वतःच घालावें लागे, आणि एकदां तें घातलें कीं आपल्याकडील उन्हाळ्यांत कागद लवकरच पिवळा पडूं लागे. मात्र एक मौज पाहण्यासारखी आहे. लोखंडाचा अंशहि नसलेला, छायाचित्रास योग्य असा मूळ कागद त्या काळीं मुख्यतः दोनच ठिकाणीं होई: फ्रान्समध्यें रीव्ह येथें आणि माल्मेदी येथें. लेप देणारे अनेक, विकणारे त्याहून अनेक, पण खालचा कागद त्या दोन गिरण्यांचा. तेव्हां नांवें पुष्कळ आणि कर्ते दोन, अशी स्थिति होती. जवळा बाजारच्या पुड्यांत नांव एक आणि कर्ते कोण जाणे किती!

अंड्याच्या मागून सरस आला. जनावरांचीं कातडीं व हाडें उकळून जें शुद्ध सरस निघतें, त्याला जिलेटिन म्हणतात. त्यांत रुप्याचे क्षार मिसळून काचेवर थर देण्याची कल्पना १८७१ सालीं इंग्लंडांत डॉ. मॅडॉक्स यांनीं मांडली, आणि अमेरिकेंत रॉचेस्टर गांवीं जॉर्ज ईस्टमन या तरुणानें तिचा कारखाना काढला. धंदा ऐन भरांत असतांना, १८८२ च्या सुमारास, त्याच्या कांचा एकाएकीं नादुरुस्त निघूं लागल्या. कृति तीच, माणसें तींच, खोकीं तींच. पण कांचेवर प्रकाश उमटेना. ईस्टमननें कारखाना थांबविला, विकलेला माल परत घेऊन बदलून दिला, आणि प्रयोगावर प्रयोग केले. तरी दोष सांपडेना. अखेरीस तो इंग्लंडास गेला, तेथील कारखान्यांत शिकून परत आला, तेव्हां उमगलें तें एवढेंच, कीं जिलेटिन नेहमींच्या मालांतलें नव्हतें. नव्या जिलेटिनांत काय उणें होतें, हें मात्र कोणालाहि सांगतां येईना.

तें कळावयास १९२५ साल उजाडावें लागलें. ईस्टमनच्याच संशोधनशाळेंतील सॅम्युएल शेपर्ड यांनीं दाखविलें कीं, प्रकाशाविषयींची तीव्रता शुद्ध जिलेटिनांत नाहींच. ती आहे त्यांत राहून गेलेल्या, वजनांतहि न येणाऱ्या गंधकयुक्त मळांत. मोहरीच्या तेलाला जो झणका असतो, तो ज्या द्रव्यामुळें, तशाच जातीचें तें द्रव्य. गुरांनीं रानांत मोहरीच्या कुळांतील पाला खाल्ला कीं त्याचा अंश त्यांच्या कातड्यांत उतरे, तेथून सरसांत, आणि सरसांतून चित्रांत. एका साली गुरांना मोहरी मिळाली नाहीं, तर हजारों कोसांवर कोणाच्या तरी मुलीचें चित्र अंधारलेलें निघावयाचें! आपल्या फोडणींतली मोहरी एवढ्या मोठ्या धंद्याच्या नाड्या आंवळून बसली असेल, असें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसेल. कारण कळल्यावर उपाय सोपा झाला. जिलेटिन आधीं निर्मळ करावयाचें, निरनिराळे घाणे मिसळून सारखें करावयाचें, आणि तें द्रव्य मोजून आपल्या हातानें घालावयाचें. १९३० सालीं तर कंपनीनें जिलेटिनचा कारखानाच स्वतःचा केला.

तथापि, यानंतरहि फरक अजिबात गेला नाहीं, आणि शहाण्या कारखानदारांनीं तो गेल्याचें सोंगहि केलें नाहीं. फोटोच्या कागदाच्या प्रत्येक खोक्यावर घाण्याचा क्रमांक छापलेला असे. रंगीत कागद आला तेव्हां त्या त्या घाण्यासाठीं रंगाच्या कोणत्या काचा बदलाव्या, याचे आंकडेहि खोक्यावर येऊं लागले. शिवाय रंग जुळविण्यासाठीं कोडॅक कंपनी आपल्या गिऱ्हाईक चित्रशाळांना एका गोऱ्या स्त्रीचें नमुन्याचें चित्र पाठवी. त्याला शर्ली कार्ड असें नांव पडलें होतें. शर्लीचे गाल ठीक दिसले म्हणजे जग ठीक, असा तो हिशेब. सांवळ्या माणसांचें काय, हा प्रश्न पुष्कळ वर्षें कोणी विचारला नाहीं. आपल्या देशांत उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची स्थापना १९६० सालीं झाली, १९६७ पासून तेथें उत्पादन सुरू झालें, आणि 'इंदू' या नांवाचा माल चित्रशाळांत आला.

आतां आजच्या कागदाकडे येऊं. शाई फवारणाऱ्या यंत्राच्या कागदांत रुपें नाहीं, अंडें नाहीं. एका लिटरचे लाख कोटी भाग कल्पावे; त्यांतील चार-पांच भागांएवढा शाईचा एक थेंब त्या कागदावर पडतो, आणि पडल्या जागीं थांबावा लागतो. त्याला थांबविते ती खळच. खळीच्या मुख्य जाति दोन. एक सरसासारखी फुगणारी: ती सावकाश वाळते, पण शाईला पोटांत घेऊन झांकून ठेवते. दुसरी वाळूच्या जातीच्या अतिसूक्ष्म कणांची, सच्छिद्र: ती तत्काळ वाळते, पण तिच्या छिद्रांतून हवाहि आंत शिरते. त्या हवेचा प्रताप २००० सालीं दिसला. एप्सन कंपनीच्या एका नव्या यंत्राचीं चित्रें ठराविक कागदावर कांहीं घरीं थोड्याच दिवसांत नारिंगी पडूं लागलीं. हवेंतील ओझोननें निळी शाई खाऊन टाकली होती. ती कंपनी नांवाची होती, म्हणून लोकांना कोणाकडे जावें हें ठाऊक होतें.

विक्रेत्याच्या मार्क्याखालीं मात्र या वर्षीं एका कारखान्याचा कागद असेल, पुढच्या वर्षीं दर पाहून दुसऱ्याचा. लेप पातळ झाला, कणांची जाडी बदलली, कागदास पांढरेपणा आणणारें रसायन कमीजास्त पडलें, कीं तीच शाई निराळी वागते. त्या माउलीच्या गालांवर बहुधा हेंच घडलें असावें. लाल-किरमिजी शाई नव्या लेपांत खोल मुरली, आणि निळी व पिवळी वर राहून त्यांची हिरवट झांक उमटली. विक्रेता यांत खोटें बोलला असें म्हणतां येणार नाहीं. पुड्यावर त्यानें आपलें नांव घातलें होतें आणि तें खरेंच त्याचें होतें. कागद कोणाचा, हें त्यानें सांगितलें नव्हतें, आणि दुकानदारानें विचारलें नव्हतें.

पहिल्या पुड्यांतील पांच कागद सुदैवानें उरले होते. त्यांतील दोहोंवर त्यानें दोन प्रती एकाच दिवशीं काढल्या आणि दोन्ही भावांच्या घरीं स्वतः नेऊन दिल्या. पैसे घेतले नाहींत. त्या पुड्याच्या तळाशीं एक बारीक आंकडा शिक्क्यानें उठविलेला आम्हांला आढळला. दुसऱ्या पुड्यावर तसा आंकडा शोधूनहि मिळाला नाहीं. तेव्हांपासून नवा पुडा फोडला कीं तो पहिल्या कागदावर त्याच माउलीचा चेहरा छापतो, उरलेल्या जुन्या प्रतीशेजारीं उजेडांत धरतो, आणि पाठीवर तारीख टाकून फळीवर ठेवून देतो. मुलांची त्याला परवानगी आहे. परवां मी गेलों तेव्हां फळीवर तिचे सात चेहरे होते.