चांगदेव नक्की किती?

वाघावर बसलेला, सापाचा चाबूक करणारा, १४०० वर्षं जगलेला चांगदेव तुम्ही कीर्तनात ऐकलाच असेल. खालापुरातल्या एखाद्या सप्ताहातही ही गोष्ट रंगते. पण संशोधक म्हणून विचारा, हा आला कुठून? तिथे गाडी अडते.

ज्ञानेश्वरांच्या ६५ ओव्यांच्या 'चांगदेव पासष्टी'त त्याला वटेश्वराचा पुत्र म्हटलंय. आता वटेश्वर म्हणजे बाप, गुरू की शिव? तिन्ही अर्थ लागतात, आणि दरवेळी चरित्र बदलतं.

त्यात नावाचा घोळ. चाळीसगावजवळच्या पाटणच्या १२०७ च्या शिलालेखात एक चांगदेव आहे: भास्कराचार्यांचा नातू, यादवांच्या दरबारातला ज्योतिषी. महानुभावांच्या पंचकृष्णांत चांगदेव राऊळ आहेत. त्यांनी देह सोडून भडोचच्या हरिपाळदेवाच्या मृत शरीरात प्रवेश केला आणि तेच चक्रधर, ही पंथाची श्रद्धा. शिवाय 'तत्त्वसार' लिहिणारा चांगा वटेश्वर, शके १२३४ म्हणजे १३१२ चा.

हे सगळे एकच धरले की आयुष्य आपोआप शंभरीपार जातं! १४०० चा आकडा अशाच बेरजेतून फुगला असावा, हा माझा निव्वळ अंदाज.

म्हणून टिपणवहीत प्रत्येक चांगदेवाला वेगळं पान द्या. नुसतं नाव जुळलं म्हणून पानं जोडू नका. गुरू, गाव, साल यांतलंही काही जुळू दे. 'तत्त्वसार'चा चांगा आणि पासष्टीतला चांगा आपण एक मानतो, ते बरंचसं 'वटेश्वर' या शब्दावर. आणि त्याच शब्दाचा अर्थ अजून ठरायचाय.