कासिम रझवीची भाषणे आणि ‘ऐकले’ या शब्दाचा अर्थ

निजामी राजवटीच्या अखेरच्या पर्वाविषयी नांदेड व लातूर परिसरात ज्या आठवणी सांगितल्या जातात, त्यांत कासिम रझवीच्या वक्तृत्वाचा उल्लेख सहसा चुकत नाही. लातूर येथे वकिली करणारा हा गृहस्थ 1946 साली मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला. रझाकार दलाचा नेता म्हणून त्याचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले. त्याच्या भाषणांचा आशय मूलतः स्थितिरक्षक होता. आसफजाही सत्ता अबाधित राहावी आणि हैदराबादने भारतात विलीन होऊ नये, या दोन मागण्यांपलीकडे त्यात फारसे काही नव्हते. नवी होती ती भाषेची धार.

हैदराबादची नभोवाणी 1935 मध्ये निजाम सरकारच्या ताब्यात आली. ‘दख्खन रेडिओ’ हे तिचे प्रचलित नाव. पुढे औरंगाबाद येथेही (आजचे छत्रपती संभाजीनगर) संस्थानचे केंद्र होते. संस्थानातील सुमारे चतुर्थांश प्रजा मराठी बोलणारी, तेलुगू बोलणारे त्याहूनही अधिक. परंतु राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. सरकारी नभोवाणीचा कल कोणीकडे असावा, हे यावरून उघड आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. त्या काळी रेडिओ यंत्र ही मोजक्या घरांतील वस्तू होती. गावोगाव वीजही नव्हती. तेव्हा ‘रझवीचे भाषण ऐकले’ असे कोणी म्हणतो, त्या वेळी त्याने ते कानांनी ऐकले की बाजारात दुसऱ्याच्या तोंडून त्याच्यापर्यंत आले, हे विचारणे प्राप्त होते. मराठीत ‘ऐकणे’ हे क्रियापद दोन्ही अर्थांना पुरते. ‘ऐकीव’ हे विशेषण मात्र दुसऱ्याच अर्थाचे आहे. सांगणारा खोटे बोलतो असे मुळीच नव्हे. भीती प्रत्यक्ष होती आणि रझाकारांचे अत्याचारही प्रत्यक्ष होते. परंतु भाषणाचे शब्द आणि त्यांनी उठवलेली दहशत ही दोन निरनिराळी साधने आहेत.

1948 च्या वसंतातील एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही निशाण फडकवू, अशा आशयाचे रझवीचे भाषण भारतीय वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले व मोठा गहजब उडाला. हैदराबाद सरकारने असे भाषण झालेच नाही, असा खुलासा केला. पुढील लेखनात मात्र हे वाक्य बहुधा इंग्रजी वृत्तांतावरूनच उतरत गेले. मूळ उर्दू शब्द समोर नसता त्यांच्या इंग्रजी छायेवरून वक्त्याची शैली ठरवणे म्हणजे प्रतिध्वनीवरून गायकाचा गळा ओळखण्यासारखे आहे. अर्थात या एका वाक्याचा वाद बाजूस ठेवला, तरी रझवीवरील ठपका कमी होत नाही. त्याच्या दलाची कृत्ये त्या वाक्यावर अवलंबून नव्हती.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सेना संस्थानात शिरली. 17 तारखेस निजाम मीर उस्मान अली स्वतः नभोवाणी केंद्रावर आला आणि त्याने इंग्रजीत निवेदन वाचले. त्याचा उर्दू अनुवाद करण्याचे कोणासही सुचले नाही, असे कन्हैयालाल मुन्शी यांनी नमूद केले आहे. उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून देणाऱ्या राज्यकर्त्याने शरणागती परक्या भाषेत जाहीर केली. 23 सप्टेंबरच्या भाषणात त्याने सगळा दोष रझवी व त्याच्या मंडळींवर ठेवला. तोवर रझवी अटकेत होता. 1957 मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला व 1970 मध्ये कराचीत वारला.

‘रझाकार’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वेच्छेने काम करणारा, म्हणजे स्वयंसेवक. त्यातील पहिले पद आणि मराठीतील ‘रजा’ ही एकाच अरबी मुळाची रूपे आहेत. ‘रजा’ला मराठीत संमतीचा व सुटीचा अर्थ आला आणि तो कचेरीत, शाळेत रुळला. मराठवाड्याच्या बोलीत ‘रझाकारी’ म्हणजे जुलूम.