पाटीवरचा आकडा

गंगाखेडच्या रस्त्यावर एखादा ट्रक माणसांच्या अंगावरून गेल्यासारखा भरधाव निघून जातो. आपण चार शिव्या देतो आणि घरची वाट धरतो. मग त्याच्या पाटीवर ‘एमएच २२’ या परभणीच्या खुणेपुढे आकडा लिहिलेला असतो, तो कशासाठी?

टांगेवाला गावच्या ओळखीचा असे. मोटारवाला धुरळ्यात दिसेनासा होई. म्हणून पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली मोटारीला पाटी सक्तीची केली. इंग्लंडात १९०३ चा कायदा झाला आणि १९०४ च्या आरंभापासून प्रत्येक मोटारीवर नंबर आला. अनोळखी चालकाविरुद्ध तक्रार करण्याचे साधन त्यामुळे साध्या वाटसरूच्या हाती आले.

कामगार चळवळीतला माणूस चालकाविरुद्ध तक्रार करा म्हणतो, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु चाकाखाली सापडतो तो पायी कामावर निघालेला मजूरही असतो. शिवाय तो आकडा चालकापाशीच थांबत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३३ व्या कलमान्वये, चालकावर आरोप असेल तर त्याचे नाव-पत्ता पोलिसांना सांगणे मालकावर बंधनकारक आहे. मालकाच्या दाराशी गेलेल्या पोलिसाने आणखी एक प्रश्न विचारावा: हा माणूस किती तास जागा होता? १९६१ च्या कायद्याने मोटार कामगाराचा दिवस सामान्यतः आठ तासांचा ठरविला होता.

तेव्हा नंबर टिपा, वेळ टिपा, ठाण्यावर जा. मात्र तक्रार चालकापाशी संपू देऊ नका.