जपानी विंडोजवर इंग्रजी सॉफ्टवेअर का अडखळतं? समजून घ्या

जपानी विंडोजवर फाइलचा पत्ता पाहिला, तर 'सी' ड्राइव्हपुढे बॅकस्लॅशच्या जागी अनेकदा येनचं, म्हणजे जपानी चलनाचं चिन्ह दिसतं. हा व्हायरस नाही. पण इंग्रजी सॉफ्टवेअर या कॉम्प्युटरवर का बिघडतं, याचं उत्तर याच चिन्हापासून सुरू होतं.

येनचं चिन्ह आलं कुठून?

कॉम्प्युटर अक्षरं नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याचं कोणतं अक्षर, हे एका तक्त्यावरून ठरतं. अमेरिकेच्या 'आस्की' तक्त्यात ९२ म्हणजे बॅकस्लॅश. जपानने १९६९ मध्ये आपला तक्ता ठरवताना ९२व्या जागी येनचं चिन्ह ठेवलं. आकडा तोच, चित्र वेगळं. म्हणून येन दिसलं तरी पत्ता बरोबर चालतो.

मग बिघडतं काय?

एका बाइटमध्ये फक्त २५६ आकडे मावतात आणि जपानी चित्राक्षरं हजारो आहेत. त्यामुळे 'शिफ्ट-जिस' या जपानी पद्धतीत बहुतेक अक्षरांना दोन बाइट लागतात. उदाहरणार्थ, काताकाना लिपीतलं 'सो' म्हणजे १३१ आणि ९२.

एक बाइट म्हणजे एक अक्षर, असं धरून लिहिलेलं जुनं इंग्रजी सॉफ्टवेअर इथेच फसतं. त्यातला ९२ त्याला बॅकस्लॅश वाटतो, म्हणजे नवा फोल्डर सुरू झाला असा अर्थ ते काढतं. परिणाम: समोर असलेली फाइलही 'सापडत नाही'.

उलटंही होतं. पश्चिमेकडच्या विंडोजवर १६९ म्हणजे कॉपीराइटचं चिन्ह. जपानी विंडोजवर तिथे काताकानातला छोटा 'उ' उमटतो. अशा गिचमिड अक्षरांना जपानीत 'मोजिबाके' म्हणतात. 'मोजि' म्हणजे अक्षर, 'बाके' म्हणजे रूप पालटणं.

युनिकोडने हे सुटलं नाही का?

बरंचसं सुटलं. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिला. पण युनिकोड न वापरणारी जुनी सॉफ्टवेअर आजही वापरात आहेत आणि ती विंडोजच्या जुन्या तक्त्यावरच चालतात.

हा प्रकार मराठीला नवा नाही. जुन्या 'शिवाजी' फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला, की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. कारण तेच: आकडे शाबूत, तक्ता चुकीचा.

काय करावं?

• सॉफ्टवेअर आणि त्याच्या फाइल्स फक्त इंग्रजी अक्षरं असलेल्या फोल्डरमध्ये ठेवा.

• नव्या कॉम्प्युटरवर युजरनेम इंग्रजीत द्या. ते जपानीत असेल, तर युजर फोल्डरचं नावही जपानीत असू शकतं.

• युनिकोड नसलेल्या प्रोग्रामसाठीची भाषा विंडोजच्या 'रीजन' सेटिंगमध्ये बदलता येते. मात्र हा बदल पूर्ण कॉम्प्युटरला लागू होतो आणि रीस्टार्ट करावं लागतं. इंग्रजी सॉफ्टवेअर सुधारेल, पण जुनं जपानी सॉफ्टवेअर बिघडू शकतं.

• तिथेच 'यूटीएफ-८' वापरण्याचा पर्याय आहे. तो 'बीटा' म्हणून दिलेला आहे, त्यामुळे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आयटी विभागाला विचारूनच निवडा.

• सगळ्यात महत्त्वाचं: फाइल गिचमिड दिसली, तर ती सेव्ह करू नका. नुसती उघडल्याने मूळ आकडे बदलत नाहीत. पण चुकीच्या तक्त्याने सेव्ह केल्यास अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं कायमची बसू शकतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. आधी फाइलची कॉपी करा, मग योग्य तक्ता निवडून ती कॉपी उघडून पाहा.