‘हृद्य’ करवंद

चरकसंहितेतल्या दहा ‘हृद्य’ द्रव्यांत आम्र, बदर, दाडिम यांच्या पंगतीला ‘करमर्द’ बसले आहे. करमर्द म्हणजे आपले करवंद. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी याच आधारावर ‘करवंद हे हृदयरोगावरचे प्राचीन औषध’ असे ठोकून दिले होते. ते चुकलेच. यादी पुन्हा वाचली, तर तीत बहुतेक सगळी आंबट फळे. आणि ‘हृद्य’चा अर्थ मनाला भावणारे, रुची आणणारे असाही होतो.

पिकल्या करवंदाचा काळाजांभळा रंग अँथोसायनिनांचा. परीक्षानळीत ही रंगद्रव्ये ऑक्सिडीकरण रोखतात, हे खरे. पण पोटात ती बदलतात, रक्तात फार थोडी उतरतात. परीक्षानळीतल्या अशा आकड्यांचा जाहिरातींत गैरवापर होऊ लागला, तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांची ती कोष्टके २०१२ साली मागे घेतली.

चरकाच्या एका शब्दावर आजचे ‘अँटिऑक्सिडंट’ चिकटवणे हे संशोधन नव्हे. वैशाखात घाटातल्या बाया पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसतात. डोंगरावरच्या त्या जाळ्या राखायच्या, तर फळाला औषधाची उसनी पदवी कशाला? रानमेवा म्हणून ते हृद्य आहेच.